शेष सहनशक्ती

वाईट बातमी सांगायची असली की केल्ड्रा कंपनीत हेमलता शिळीमकरला बोलावणं यायचं. तिचा आवाजच तसा होता. कुणाला नाही म्हणाली तरी ऐकणाऱ्याला वाटावं, बाई आग्रहानं वाढते आहे. शिरवळच्या कारखान्यात तिचा हुद्दा होता स्थानिक समन्वयक. रॉटरडॅमच्या मुख्यालयात जे ठरायचं ते शिरवळला गळी उतरवायचं, एवढंच तिचं काम. पहाटे उठून पोथीचा एक अध्याय वाचायचा, देवापुढे दिवा लावायचा, आणि साडेसातच्या गाडीनं कारखान्यात यायचं, हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम होता. तो मोडला नव्हता, आणि कुणाशी तिचं कधी वाजलंही नव्हतं.

आषाढात तिनं बायकांना गोळा केलं.

"पुढच्या सोमवारपासून तीन नंबरची ओली चक्की बंद होणार आहे. तिच्या जागी सुकी बसवणार आहेत."

"म्हंजे पाणी नाही?" पल्लवीनं विचारलं. पल्लवी तिच्या धाकट्या भावाची बायको. चक्कीवर नऊ वर्षं काढलेली, तोंडानं फटकळ, हातानं चलाख.

"पाणी नाही."

"मग धूळ कुठं जाणार?"

"गाळण्या बसवणार आहेत. मास्क देणार आहेत."

"वन्सं, तुम्ही वाढलं ना, की कारल्याचीसुद्धा बासुंदी होते बघा," पल्लवी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. हेमलताही हसली.

शिरवळला यायच्या त्या जुन्या मोटारींच्या बॅटऱ्या. रस्त्यावरच्या गाड्या विजेवर धावायला लागून पंधरा वर्षं झाली होती, आणि पहिल्या खेपेच्या बॅटऱ्या आता मरत होत्या. त्या फोडायच्या, दळायच्या आणि त्यातून निघालेल्या काळ्या भुकटीतून निकेल, कोबाल्ट वेगळं काढायचं, की नव्या बॅटऱ्यांना कच्चा माल तयार. बायका त्या भुकटीला काळं पीठ म्हणायच्या. ओल्या चक्कीत दळण पाण्याखाली चालतं, त्यामुळे पीठ तळाशी बसतं. मात्र ते पाणी विषारी होतं आणि ते शुद्ध करायला खर्च येतो. सुक्या चक्कीला तो खर्च नाही. गाळणीत अडकेल ते अडकेल, उरलेलं माणसाच्या नाकात.

हे ठरवलं कुणी? कुणीच नाही. ठरवलं समतोलनं.

केल्ड्राचे कारखाने नऊ देशांत होते. पूर्वी नऊ देशांचे नऊ प्रमुख वर्षातून दोनदा रॉटरडॅमला जायचे आणि टेबलावर मुठी आपटून भांडायचे. हे काम आमच्याकडे नको, ती पाळी त्यांच्याकडे द्या. कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ती भांडणंच संपवली. धातूची पट्टी एकदा वाकवली तर मोडत नाही, पुन्हापुन्हा वाकवली तर मोडते, हे कुठल्याही लोहाराला ठाऊक असतं. पण मोडायच्या आधी तिच्या पोटात केसाहून बारीक भेगा पडत जातात, आणि प्रत्येक भेग पडताना एक टिचकी वाजते. माणसाच्या कानाला ती ऐकू येत नाही, यंत्राला येते. पुलांवर असली यंत्रं बसवून, हा पूल अजून किती भार सोसेल, हे आधीच सांगता येतं. या शास्त्रज्ञांनी विचार केला, माणसांच्या घोळक्याचंही असंच असणार. त्यालाही मोडण्याआधी टिचक्या पडत असणार.

त्या त्यांनी शोधल्या. कामाच्या टोपीच्या पट्ट्यात शेंगदाण्याएवढा ध्वनिग्राहक बसवला. माणूस काय बोलतो याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये किती वेळ जातो, घशात किती कंप आहे, मधल्या सुट्टीत घोळके केव्हा जमतात, हसण्याला धार आली का, हे तो टिपायचा. त्यातून प्रत्येक कारखान्याचा एक आकडा निघायचा. त्याचं नाव, शेष सहनशक्ती. इथली माणसं फुटायच्या आधी अजून किती सोसतील, याचा अंदाज. पोलंडमध्ये यंत्राला पोलिश नाव होतं, व्हिएतनाममध्ये व्हिएतनामी. आपल्याकडे समतोल. ज्या देशात जावं त्याची भाषा बोलावी, हे कंपनीचं धोरणच होतं.

"माणूस मोडण्याआधी त्याच्या डोक्यावरचा भार आम्ही काढून घेतो," असं कंपनीच्या जाहिरातीत लिहिलेलं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. काढलेला भार ठेवतात कुठे, एवढंच कुणी विचारलं नव्हतं.

*

पल्लवी मधल्या सुट्टीत उखाणे घ्यायची. स्वतःच्या नवऱ्याचे कमी, साहेबांच्या नावाचे जास्त, आणि असे की ऐकणारीनं पदर तोंडात कोंबावा. सुकी चक्की आल्यावर महिनाभरातच तिला एक उखाणा एका दमात म्हणता येईना. अर्ध्यावर थांबायची, छातीवर हात ठेवायची.

"तोंडात सारखं लोखंड चघळल्यागत वाटतंय वन्सं. भाकरीलाही तीच चव."

हेमलता तिला साताऱ्याला घेऊन गेली. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघितला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, फुप्फुसाला सूज आहे. आत्ता धुळीतून बाहेर पडल्या तर निभावेल. आणखी काही महिने तिथंच राहिल्या तर गेलेला भाग परत येणार नाही.

"काम सोड," हेमलता परतीच्या वाटेवर म्हणाली.

"सोडते की. माझ्या जागी कोण उभी राहणार? ती खंडाळ्याची नवी सून? तिला तर दिवस गेलेत." पल्लवी खिडकीबाहेर बघत राहिली. "तुम्ही वर सांगा ना काहीतरी. तुमचं ऐकतात."

हेमलता दुसऱ्या दिवशी पुण्याला गेली. बाणेरच्या चकचकीत इमारतीत निखिलेश दातार बसायचे. ते कंपनीचे भारतातले प्रमुख, वयानं तिच्याहून लहान, वागायला सज्जन. त्यांनी तिला पाणी दिलं, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं.

"हेमाताई, वाईट वाटतं. खरंच. पण माझ्या हातात काही नाही. समतोल ठरवतं."

"मग समतोलला सांगा."

"त्याला कोणी सांगत नाही. तेच तर त्याचं वैशिष्ट्य. पक्षपात नाही."

"रॉटरडॅमला कोणीतरी असेल."

"कामकाजाचे संचालक आहेत, ब्राउअर. मी लिहिलं होतं त्यांना. ते म्हणाले, स्थानिक प्रश्न आहे, स्थानिक पातळीवर बघा." दातार कसंनुसं हसले. "मास्क आठवड्याला दोन द्या, असंही मी सुचवलं. समतोलनं नामंजूर केलं. तुमच्या कारखान्यात तशी तक्रार दिसत नाही म्हणे."

"मी करते आहे ना तक्रार!"

"तुम्ही इतक्या शांतपणे करता हेमाताई, की..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

बसमधून परतताना हेमलताच्या मनात एकच गोष्ट फिरत राहिली. पूर्वी कुणी अन्याय केला तर त्याच्या दारात जाऊन बसता यायचं. घराला दार असायचं, दाराला उंबरठा. तिथं बसलं की आतल्याला बाहेर यावंच लागायचं, निदान शेजारी तरी बघायचे. ही कंपनी नऊ देशांत पसरली होती आणि तिला कुठेच उंबरठा नव्हता. दातारांचं दार रॉटरडॅममध्ये उघडत होतं, रॉटरडॅमचं दार यंत्रात, आणि यंत्राचं दार फिरून शिरवळलाच.

*

श्रावण लागला. हेमलतानं बायकांना कारखान्यामागच्या देवळात बोलावलं.

"कामाशी आपलं वैर नाही. चक्की बंद पाडायची नाही. पण सोमवारपासून यांच्या अन्नाला शिवायचं नाही आणि आवारात तोंडातून शब्द काढायचा नाही. उपास आणि मौन. आपल्या दारचा पाहुणा पानावरून न जेवता उठला तर आपल्याला घास जातो का? यांनाही लाज वाटेल."

"वन्सं," पल्लवी खोकत म्हणाली, "यंत्राला पोट आहे का, की लाज वाटायला?"

"यंत्रामागं माणसं असतील ना गं."

सगळ्याजणी कबूल झाल्या. आठवडाभर कारखान्यात फक्त यंत्रांचा आवाज होता. उपाहारगृहात भात, आमटी, भाज्यांची पातेली जशीच्या तशी परत जात होती. बायका रिकाम्या ताटांपुढे बसायच्या, सुट्टी संपली की उठून कामाला लागायच्या. कुणाला घेरी आली तर दुसरी मुकाट तिची जागा सांभाळायची. दळण पोतंभरही कमी झालं नाही. हेमलताला त्या दिवसांत वाटत होतं, इतकं शुद्ध व्रत आपल्या हातून कधी घडलं नव्हतं.

शनिवारी दातार स्वतः शिरवळला आले. हातात पेढ्यांचा मोठा बॉक्स.

"हेमाताई, अभिनंदन! शिरवळची शेष सहनशक्ती नऊ देशांत पहिली! एक वाद नाही, एक तक्रार नाही, आवाजाची पातळी जवळपास शून्य, उत्पादन कायम. वर उपाहारगृहाचा खर्चही खाली आला. रॉटरडॅम खूश आहे. तुम्हाला दुसरी सुकी चक्की मंजूर झालीय."

हेमलताच्या हातात त्यांनी पेढा ठेवला.

"आणि गंमत सांगू? तुम्ही काही समजावून सांगितलं की आकडा वर चढतो. दर वेळी. तिथले इंजिनीअर तुम्हाला प्रेमानं काय म्हणतात, माहितीये? वंगण! पुढच्या गुरुवारी सर्व देशांच्या बैठकीत तुमचा सत्कार आहे. दोन मिनिटं बोलायचं, तुमच्या त्या गोड आवाजात."

ते गेले. बायका लांबून बघत होत्या. हेमलता तशीच उभी राहिली. पेढा तळहातावर वितळत होता.

तिला रडू आलं नाही. उपास कुणापुढे करायचा याचा विचार तिनं जन्मात केला नव्हता. देवापुढे करतो, कारण त्याला आपली भूक कळते असं आपण धरून चालतो. माणसापुढे करतो, कारण त्यालाही पोट असतं. ज्याला पोटच नाही त्याच्यापुढे उपाशी बसणं म्हणजे त्याचं धान्य वाचवून देणं. बायकांच्या आठवडाभराच्या भुकेचा त्यानं हिशेब काढला आणि त्यातून आणखी एक चक्की उभी केली. आणि हे सगळं व्हावं म्हणून लागणारं तेल होता तिचा आवाज, जो तिला वाटत होतं देवानं दिलाय.

पल्लवी जवळ आली. मौन मोडून म्हणाली, "काय म्हणाला?"

"दुसरी चक्की देतोय," हेमलता म्हणाली, आणि पेढा तिनं गटारात फेकला. अन्न टाकायची तिची ती आयुष्यातली पहिली वेळ.

*

मंगळवारी नऊ देशांच्या समन्वयकांची नेहमीची बैठक होती, पडद्यावर. प्रत्येकानं आपापल्या भाषेत बोलायचं आणि कानातल्या बोंडातून दुसऱ्याचं बोलणं आपल्या भाषेत ऐकायचं. भाषांतर समतोलच करायचं. गेली चार वर्षं हेमलता असं ऐकत आली होती आणि सगळ्या देशांची माणसं किती मऊ बोलतात याचं तिला कौतुक वाटायचं.

पोलंडची समन्वयक होती अग्न्येश्का. रुंद खांद्यांची, करड्या केसांची बाई. ती बोलायला लागली. कानात आलं, "आमच्याकडे सर्व सुरळीत आहे. काही किरकोळ सूचना आहेत."

हेमलतानं पडद्याकडे नीट बघितलं. यापूर्वी ती मान खाली घालून टिपणं काढत असे. अग्न्येश्काचा चेहरा लालबुंद होता. गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. टेबलावर तिची मूठ आपटत होती आणि पेला उडत होता. कानात मात्र तोच गुळगुळीत आवाज म्हणत होता, "सहकार्याबद्दल आभारी आहोत."

हेमलतानं कानातलं बोंड काढून कॅमेऱ्यापुढे धरून दाखवलं आणि टेबलावर ठेवलं. अग्न्येश्का बोलता बोलता थांबली. मग तिनंही आपलं बोंड उपटून काढलं.

बाकीचे सात जण पडद्यावर आपापलं बोलत राहिले. या दोघी एकमेकींकडे बघत होत्या. हेमलतानं दोन्ही हातांनी जातं फिरवल्याची खूण केली, मग नाकातोंडासमोर बोटं उधळून धूळ दाखवली. अग्न्येश्कानं जोरजोरात मान हलवली. स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, तीच जात्याची खूण केली, घसा धरून खोकली. मग उभी राहून तोंड वासलं, सगळे मिळून ओरडल्याचा आव आणला. हात झाडले. गेलं. कुठे गेलं? तिनं बोट सरळ हेमलताकडे रोखलं.

आणि खाली बसून तिनं तोंड हातांनी झाकून घेतलं. ती क्षमा मागत होती, हे कळायला भाषांतर लागलं नाही.

म्हणजे ही चक्की पोलंडहून आली होती. तिथल्या बायका ओरडल्या, त्यांचा आकडा घसरला, भार उचलून शिरवळला ठेवला गेला. आता शिरवळ ओरडलं तर? कोपऱ्यातल्या चौकटीत व्हिएतनामची होआ दिसत होती, बारीक चणीची, सतत स्मित करणारी. तिचा कारखाना यादीत दुसरा होता. हेमलताला तिच्यात स्वतःचाच चेहरा दिसला.

संध्याकाळी तिनं पल्लवीला सगळं सांगितलं.

"मग ओरडायचं की नाही?" पल्लवीनं विचारलं.

"एकट्यानं ओरडलं तर ही पीडा त्या बारक्या बाईच्या गळ्यात जाईल. त्या यंत्राला नऊ पट्ट्या सुट्या सुट्या दिसतात. एक मोडायला आली की भार दुसरीवर. नऊही एकदम कडकडल्या तर ठेवील कुठं?"

"पण सांगणार कसं त्यांना? तुमचं बोलणं तर साखरेत घोळून जातंय."

"बोलायचं कशाला?" हेमलता म्हणाली. "उद्या चक्कीखालचं पीठ डबाभर आणून दे मला. तू जाऊ नकोस. कुणाला तरी सांग."

*

गुरुवारी दुपारी शिरवळच्या उपाहारगृहात मोठा पडदा लागला. नऊ कारखान्यांची नऊ उपाहारगृहं, प्रत्येकात शेकडो माणसं, आणि मधोमध रॉटरडॅमच्या काचेच्या दालनात ब्राउअर. उंच, नीटस, चेहऱ्यावर प्रसन्नता. हेमलता इरकल नेसून आली होती. तिनं टेबलावर स्वच्छ घासलेलं स्टीलचं ताट मांडलं. डावीकडे मीठ वाढलं, लिंबाची फोड ठेवली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"आता आपल्या भारतातल्या समन्वयक," ब्राउअर म्हणाले, "त्यांच्या सहनशीलतेचा आदर्श..."

हेमलतानं वाटीत काळं पीठ दाबून भरलं आणि ताटाच्या मधोमध उपडी केली. वाटी उचलली. काळी, गुळगुळीत मूद उभी राहिली. शिरवळच्या बायकांतून एक हुंकार निघाला. पानात असलं काही वाढायचं असतं का? हेमलतानं नैवेद्याला फिरवतात तसं ताटाभोवती पाणी फिरवलं, हात जोडले.

"बसा ब्राउअरसाहेब. जेवा."

सगळ्या देशांत भाषांतराचा आवाज घुमला, "भारतीय समन्वयक आपल्या पारंपरिक पाहुणचारानं स्वागत करत आहेत."

ब्राउअर खूश झाले. त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून छातीशी हात जोडले.

"लाजू नका," हेमलता म्हणाली. "आमच्या पोरी रोज जेवतात. एक घास घ्या." तिनं मुदीतून चिमूटभर उचललं आणि कॅमेऱ्यासमोर धरून फुंकर मारली. पंख्याच्या वाऱ्यात काळा ढग उडाला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर नाकाला लावले, तोवर कुणाकुणाच्या ओठांवर, पापण्यांवर काळं बसलंच होतं. मागं भिंतीशी बसलेल्या पल्लवीला खोकल्याची उबळ आली. ती तोंड दाबायला गेली. "दाबू नकोस," हेमलता म्हणाली. "होऊ दे." पल्लवी खोकत राहिली, वाकून, भिंत धरून. तो खोकला नऊ देशांत गेला. खोकल्याचं भाषांतर करायचं समतोलला शिकवलेलं नव्हतं.

हेमलतानं ताट दोन्ही हातांनी उचलून कॅमेऱ्याला टेकवलं. पडद्यावर काळ्या मुदीशिवाय काही दिसेना.

ब्राउअरांचे जोडलेले हात हळूहळू सुटले.

पोलंडच्या चौकटीत खुर्ची मागं पडल्याचा आवाज झाला. अग्न्येश्का आपलं ताट केराच्या डब्यात रिकामं करून दाराबाहेर गेली आणि काळी भुकटी भरून परत आली. मेक्सिकोत कुणीतरी टोपी काढून टेबलावर आपटली. व्हिएतनामची होआ अजून स्मित करत होती. मग तिच्या गालांवरून पाणी वाहू लागलं आणि ती तशीच, स्मित न पुसता, उठून उभी राहिली. तिच्यामागं अख्खी रांग उठली.

*

त्यानंतर जे घडलं ते समतोलच्या नियमानुसारच घडलं.

नऊ कारखान्यांची शेष सहनशक्ती काही मिनिटांतच किमान रेषेखाली गेली. सुट्या पट्ट्या आता सुट्या राहिल्या नव्हत्या. पट्ट्यांना जोड दिला की एकीतली भेग दुसरीत धावते, आणि हा जोड पडताना यंत्रानं ऐकलाच नव्हता. पण भार कुठे तरी ठेवायचाच, हा त्याचा धर्म. तो ठेवायला त्यानं उरलेली जागा शोधली. एक सापडली. सर्वांना एक नियम अशी फुशारकी मारायची म्हणून मुख्यालयातल्या माणसांच्या ओळखपत्रातही ध्वनिग्राहक बसवलेले होते. तिथली माणसं वेळेवर उत्तरं देत, त्यांच्या घशाला कंप नसे, हसणं निवांत. तिथली सहनशक्ती कधी वापरलीच गेली नव्हती, सगळी शिल्लक होती. इतके दिवस तिथली जागा महाग म्हणून नंबर मागं होता. आता दुसरा पर्यायच उरला नव्हता.

समतोलनं दोन्ही सुक्या चक्क्या रॉटरडॅमच्या मुख्यालयाला मंजूर केल्या. संचालकांच्या पाळ्या लावल्या. ब्राउअरांना सकाळची पाळी मिळाली, आठवड्याला एक मास्क. आणि बंदरातून निघालेले जुन्या बॅटऱ्यांचे चालकाविना धावणारे ट्रक वाट बदलून काचेच्या इमारतीसमोर येऊन उभे राहिले.

वर्षानुवर्षं जे कुणाच्या हातात नव्हतं, ते बंद करायला तिथल्या माणसांना तासभरही लागला नाही.

हे दातारांनीच फोनवर सांगितलं, चाचरत. "समतोल बंद केलंय. ब्राउअर स्वतः येतायत बोलणी करायला, शिरवळला. हेमाताई, त्याआधी तुम्ही बायकांशी जरा बोलून घ्या. वातावरण थोडं निवळलं तर..."

"वातावरण गढूळच आहे," हेमलता म्हणाली. "येऊन बघा."

ब्राउअर आठवड्यानं आले. दातारांनी बैठकीची खोली सजवून ठेवली होती, फुलं, पाण्याच्या बाटल्या. हेमलता त्यांना तिथं न नेता सरळ सुक्या चक्कीपाशी घेऊन गेली. तिथं तिनं दोन खुर्च्या मांडल्या होत्या, समोरासमोर. एक त्यांची, एक तिची. बायका दाराबाहेर उभ्या राहिल्या. पल्लवीला तिनं आणखी लांब, निंबाखाली बसवलं होतं.

ब्राउअरांनी मास्कची खूण केली. पल्लवीनं आपला मास्क एका पोरीच्या हाती आत पाठवला. त्यांनी तो उलटा करून बघितला. आतली बाजू, जिथं नाक टेकतं, काळीभोर झाली होती. त्यांनी दातारांकडे बघून दुसरा मागितला.

"आठवड्याला एकच मंजूर आहे," हेमलता म्हणाली, आणि खुर्चीत बसून तिनं चक्कीचं बटण दाबलं.

घरघर सुरू झाली. गाळणीच्या कडेनं धूर निघाल्यासारखं पीठ उडू लागलं, उन्हाच्या तिरपेत चमकू लागलं. ब्राउअरांनी मास्क नाकाला लावला, काढला, पुन्हा लावला. काही श्वासांतच त्यांचे डोळे लाल झाले. ते वाकून खोकू लागले, दाराकडे बघून ओरडून काही सांगू लागले.

"हेमाताई!" दातार दारातून ओरडले. "ते म्हणतायत ओली चक्की परत आणतो! नऊही देशांत ओलीच राहील! बंद करा, बंद करा आता!"

हेमलताच्या कपाळावर, कुंकवावर काळा थर बसला होता. तिनं बटणावरचा हात हलवला नाही.

"ऐकलं," ती ब्राउअरांना म्हणाली. "बसा. पाळी आठ तासांची असते. सुटली की लिहून घेऊ."